पासवर्ड बदलला तरी वाय-फायवर अनोळखी उपकरण परत येतं: शोध आणि इलाज

तक्रार साधारण अशी असते. राउटरच्या यादीत एक नाव दिसतं आणि घरात कुणालाच ते ओळखीचं वाटत नाही. पासवर्ड बदलला जातो, यादी स्वच्छ होते. काही दिवसांनी पाहावं तर पुन्हा एक अनोळखी नाव, कधी तेच, कधी दुसरंच. मग वाय-फायचं नावही बदललं जातं, पासवर्ड आणखी लांबवला जातो, आणि यादीत एकाच्या जागी तीन अनोळखी दिसू लागतात. इथवर आलेला माणूस शेजाऱ्यांकडे वाकड्या नजरेने बघायला लागलेला असतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. असा ‘परत येणारा’ पाहुणा बहुतेक वेळा घरातलाच असतो, आणि त्याला दर वेळी नवं रूप मिळतं ते आपल्याच उपायांमुळे. राहिले थोडे खरे फुकटे. त्यांच्या बाबतीत ‘कोण आहे’ याचा तपास करत बसू नये, ‘कुठल्या दाराने येतोय’ हे शोधावं. पासवर्ड हे त्यातलं फक्त एक दार.

संशय कशावरून आला?

नेट मंद झालं म्हणजे कुणीतरी आपलं वाय-फाय वापरतंय, हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. आजूबाजूचे दहा राउटर याच तिघांत दाटीवाटीने बसलेले असतात. त्यातला एकही तुमच्या वाय-फायला जोडलेला नसला तरी हवेतला वेळ वाटून घ्यावाच लागतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंधळ घालतो. शिवाय घरातला एखादा फोन रात्री सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढवत बसला की अपलोडची वाट भरून जाते आणि बाकीच्यांची साधी पानंही उघडत नाहीत.

याची परीक्षा सोपी आहे. राउटरमधून वाय-फाय पूर्ण बंद करा, एक लॅपटॉप केबलने जोडा आणि वेग बघा. तरीही मंदच असेल तर दोष लाइनचा किंवा राउटरचा; वाय-फायवरच्या चोराचा नक्कीच नाही.

दुसरं भीतीचं कारण म्हणजे राउटरचा लॉग. त्यात ‘डॉस अटॅक’, ‘पोर्ट स्कॅन’ अशा ओळी पानभर असतात. इंटरनेटवरच्या जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर यंत्रं सतत दारं ठोठावत फिरत असतात. राउटरने ती ठोठावणी ओळखून अडवली म्हणून तर त्याची नोंद झाली. तुमच्या वाय-फायवर कोण बसलंय याच्याशी तिचा काही संबंध नाही. काही नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख दिसते, तिनेही घाबरू नये. राउटर सुरू झाल्यावर इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत त्याचं घड्याळ तिथून मोजत असतं, एवढंच.

खरोखर गंभीर लक्षणं वेगळी आहेत. राउटरच्या ॲडमिन पानाचा, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या पानाचा, पासवर्ड अचानक चालेनासा होणं. डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) जागी तुम्ही न घातलेले पत्ते दिसणं. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून घरातल्या उपकरणापर्यंत वाट उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तुम्ही न केलेले नियम सापडणं. घरातलं सगळं बंद असताना यादीत एखादं उपकरण चालू दिसणं. यातलं काहीही दिसलं तर कशालाही हात लावण्याआधी यादीचे, लॉगचे आणि त्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. रीसेट केल्यावर यातलं सहसा काहीच उरत नाही, आणि प्रकरण पैशांच्या फसवणुकीपर्यंत किंवा छळापर्यंत गेलेलं असेल तर तेवढाच पुरावा तुमच्या हातात असतो.

यादी वाचताना

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, दोन्ही चालले नाहीत तर फोनच्या वाय-फाय तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’समोर असतो तो) आत गेलात की दोन याद्या सापडतील. एक डीएचसीपीची, म्हणजे राउटरने कुणाकुणाला आयपी पत्ते वाटले त्यांची. दुसरी या क्षणी वाय-फायवर असलेल्या उपकरणांची. लोक पहिली यादी बघून घाबरतात. तिच्यात निघून गेलेलेही असतात: वाटलेला पत्ता बऱ्याच राउटरांत दिवसभर राखून ठेवला जातो आणि काही राउटर तर जुनी नावं कित्येक आठवडे जपतात. काल येऊन गेलेल्या पाहुण्याचा फोन आज त्या यादीत असणं यात नवल नाही.

दुसऱ्या यादीत बऱ्याचदा सिग्नलचा आकडा असतो, उणे ४५ किंवा उणे ८० असा, डीबीएममध्ये. या आकड्याकडे कुणी बघत नाही आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा तोच आहे. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. उणे ४० ते ५० असेल तर ते उपकरण राउटरच्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत आहे. उणे ८०च्या आसपास म्हणजे मध्ये दोन-तीन भिंती तरी आहेत. ‘घुसखोर’ दिवसरात्र उणे ४२वर ठाम असेल तर तो टीव्हीमागे किंवा कपाटावर सापडायची शक्यता फार. उणे ८३वर असलेला मात्र लक्ष ठेवण्यासारखा. अर्थात घराच्या टोकाला लावलेला कॅमेराही तेवढाच क्षीण दिसेल, तेव्हा एकट्या या आकड्यावर कुणाला दोषी धरू नका.

आता नावाकडे. उपकरणाचं नाव ते स्वतः सांगतं, सांगेल तसं आपण मानायचं. त्याच्या शेजारी असतो मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचा क्रमांक, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था कंपन्यांना वाटून देते, त्यावरून राउटरचं ॲप ते उपकरण कुणी बनवलं त्याचं नाव दाखवतं. पण ते नाव नेटवर्कची चिप किंवा मॉड्यूल बनवणाऱ्याचं असतं. डब्यावर छापलेल्या ब्रँडचं असेलच असं नाही. म्हणून ‘एस्प्रेसिफ’ हे नाव बघून लोक हादरतात, आणि ते निघतं स्मार्ट बल्ब किंवा प्लग, कारण त्या कंपनीच्या स्वस्त चिपा असल्या वस्तूंमध्ये सर्रास असतात. ‘मुराता’, ‘अझुरवेव्ह’, ‘होन हाय’ ही नावंही अशीच. लॅपटॉप, गेमचे कन्सोल, प्रिंटर यांच्या पोटातले भाग ती बनवतात. होन हाय म्हणजे फॉक्सकॉन.

यापुढची गोष्ट नीट समजून घ्या, कारण ‘परत येणाऱ्या’ अनोळखीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून आणि २०२०च्या आयओएस १४पासून फोन आपला खरा मॅक ॲड्रेस सांगत नाहीत. प्रत्येक वाय-फायसाठी ते एक बनावट पत्ता तयार करतात, जेणेकरून ठिकठिकाणच्या वाय-फायवरून माणसाचा माग काढता येऊ नये. हा पत्ता वाय-फायच्या नावाशी बांधलेला असतो. तुम्ही घाबरून वाय-फायचं नाव बदललंत की घरातल्या प्रत्येक फोनच्या दृष्टीने ते नवंच नेटवर्क झालं, आणि प्रत्येक जण नवा पत्ता घेऊन हजर झाला. यादीत जुने फोन ‘ऑफलाइन’ आणि तितकेच नवे अनोळखी! चोर पकडायला केलेल्या उपायातून चोर निपजले ते असे. आयओएस १८पासून पत्ता ठरावीक दिवसांनी आपोआप बदलत राहण्याचीही सोय आहे. ‘रोटेटिंग’ हा पर्याय चालू असेल तर साधारण दोन आठवड्यांनी तोच आयफोन नव्या रूपात येतो. ज्या वाय-फायची सुरक्षा फोनला कमकुवत वाटते तिथे हा पर्याय तो स्वतःहून लावतो, म्हणजे राउटर जुन्या सुरक्षा प्रकारावर असेल तर हा खेळ चालूच राहणार.

बनावट पत्ता ओळखायची खूण आहे. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी असेल तर तो पत्ता कंपनीने दिलेला नाही, उपकरणाने स्वतः तयार केलेला आहे. बहुधा फोन किंवा टॅबलेट. घरच्या वाय-फायपुरता हा प्रकार बंद करता येतो: आयफोनमध्ये त्या नेटवर्कच्या तपशिलात ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’, अँड्रॉइडमध्ये त्या नेटवर्कच्या ‘प्रायव्हसी’त ‘डिव्हाइस मॅक’. घरी खरा पत्ता दाखवायला हरकत नाही, यादी वाचणं त्याने फार सोपं होतं.

लॅपटॉप आणि टीव्ही यांना केबलचा एक आणि वाय-फायचा एक असे दोन पत्ते असतात, हेही ध्यानात असू द्या. रेंज वाढवायचा एक्स्टेंडर असेल तर त्याच्यामागची उपकरणं काही वेळा बदललेल्या पत्त्याने दिसतात.

गाळत जाण्याची चाचणी

पहिला मार्ग आळशी माणसाचा आहे आणि मला तोच आवडतो. संशयित उपकरण राउटरमधून ब्लॉक करा आणि गप्प बसा. घरात कोण ओरडतं ते बघा. निम्मी प्रकरणं पहिल्याच संध्याकाळी मिटतात. मात्र न ओरडणाऱ्या वस्तूही असतात: प्रिंटर, वजनकाटा, वॉशिंग मशीन, झाडू मारणारा रोबो, आठवड्यातून एकदाच नेटवर येणारं पुस्तक वाचायचं यंत्र. त्यामुळे निकाल लावायच्या आधी आठवडाभर तरी वाट बघावी.

तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा मार्ग. आधी राउटरमधलं डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डविना उपकरण जोडायची सोय, बंद करा (का, ते पुढे येतंय). मग वाय-फायचं नाव तेच ठेवून फक्त पासवर्ड बदला. नाव तेच राहिल्याने फोनांचे बनावट पत्तेही सहसा तेच राहतात आणि पडताळणी करता येते. सगळी उपकरणं तुटतील, तुटू द्या. आता फक्त एक फोन जोडा आणि यादी ताजी करून बघा. यादीत तो एकटाच असायला हवा, शिवाय केबलने जोडलेलं काही असेल तर तेवढं. एक रात्र असंच राहू देता आलं तर उत्तम. घरचे ऐकणार नाहीत, पण दोन-तीन तास तरी मागून घ्या.

नंतर एकेक उपकरण जोडत जा. प्रत्येक जोडणीनंतर यादीत नेमकी कोणती ओळ वाढली ते बघा आणि राउटरमध्येच तिला कळेल असं नाव द्या, ‘बैठकीतला टीव्ही’, ‘आईचा फोन’. वहीतही लिहा, कारण राउटर रीसेट झाला की नावं जातात. कंटाळवाणं काम आहे. पण ते एकदा झालं की पुढे कधीही ‘हे काय आहे?’ असा प्रश्न पडत नाही.

नवा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही उपकरणात घालायच्या आत यादीत दुसरं कुणी आलं, तर तो पक्का पुरावा. बाहेरचं कुणीतरी आहे. यापेक्षा कमी पुराव्यावर शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खरंच बाहेरचा असेल तर

सगळ्यात वाहतं दार म्हणजे हातोहात जाणारा पासवर्ड. अँड्रॉइड १०पासून फोन वाय-फायचा क्यूआर कोड दाखवतो आणि त्या कोडमध्ये पासवर्ड जसाच्या तसा, न झाकता भरलेला असतो. पाहुण्याने त्या पडद्याचा फोटो काढला तर पासवर्ड फोटोत गेला. आयफोनवाले जवळच्या ओळखीच्या माणसाला एका स्पर्शात पासवर्ड देऊ शकतात. शिवाय तो एकाच फोनात राहत नाही. भाच्याला फोनसाठी दिलेला पासवर्ड त्याच्या खात्यामार्फत त्याच्या टॅबलेटवर आणि लॅपटॉपवरही पोचतो. दर वेळी पासवर्ड बदलल्यावर आठवड्याभरात तेच उपकरण परतत असेल तर आधी घरातल्यांना, त्यातही मुलांना, सरळ विचारा. रागावून विचारलंत तर कळणार नाही. यावर उपाय पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क. मित्रमंडळींना तेच द्यायचं, मुख्य पासवर्ड कुणालाच सांगायचा नाही.

दुसरं दार राउटरच्या ॲडमिन पानाचं. वाय-फायचा पासवर्ड आणि ॲडमिनचा पासवर्ड वेगळे असतात आणि दुसरा बदलायचं बहुतेकांच्या मनातही येत नाही. एकदा आत आलेल्याने तो ओळखला आणि राउटरवर बाहेरून नियंत्रण करण्याची सोय चालू असली की तुम्ही वाय-फायचा पासवर्ड शंभरदा बदला, तो आत येऊन वाचून घेईल. ‘बदलल्याबरोबर लगेच परत येतो’ असं असेल तर माझा पहिला संशय यावर. २०१६मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) जगभरचे कॅमेरे आणि राउटर लाखोंनी काबीज केले, ते कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून. फार हुशारी लागली नव्हती.

तिसरं डब्ल्यूपीएस. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन घालून पासवर्डविना जोडायची ही सोय. आठ आकडे म्हटल्यावर दहा कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासून पहिला बरोबर की चूक ते सांगून टाकतो. म्हणजे पहिल्या चार आकड्यांच्या १०,००० आणि पुढच्या तिघांच्या १,०००, एकूण ११,००० प्रयत्नांत खेळ खलास. सुरक्षा संशोधक स्टेफान फीबॉक यांनी डिसेंबर २०११मध्ये हे उघड केलं. नंतरच्या अनेक राउटरांत चुकीच्या प्रयत्नांवर बंधनं आली, तरी ती सोय चालू ठेवण्याचं कारण मला दिसत नाही. पिन मिळाली की राउटर स्वतःहून चालू पासवर्ड देतो, त्यामुळे कितीही लांब पासवर्ड ठेवला तरी या दारापुढे तो निरुपयोगी. घरात येऊन गेलेला कुणीही बटण दाबून फोन जोडू शकतो किंवा राउटरच्या पाठीवरची पिन वाचून नेऊ शकतो, ते वेगळंच.

चौथं, विसरलेलं दुसरं नेटवर्क. २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झची नावं वेगळी असतील तर एकाचाच पासवर्ड बदललेला असतो. गेस्ट नेटवर्क कधीतरी पासवर्डविना चालू केलेलं राहतं. एक्स्टेंडर केबलने जोडलेला असेल तर त्याचं स्वतःचं वाय-फाय जुन्याच पासवर्डवर सुखाने चालू असतं. विजेच्या तारांतून नेट नेणारे अडॅप्टर वापरत असाल तर तेही एकदा नव्याने पेअर करून घ्या, कारखान्यातली किल्ली तशीच ठेवू नका.

पाचवं, ओळखता येणारा पासवर्ड. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा प्रकारात एखादं उपकरण जोडलं जातानाची देवाणघेवाण बाहेरून टिपता येते आणि मग घरी बसून, राउटरला कळूही न देता, पासवर्डचे अंदाज ताडून बघता येतात. दहा आकडी मोबाइल नंबर ठेवला असेल तर शक्यता एक हजार कोटी. ऐकायला अवाढव्य, पण आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही तासांचं काम. नाव आणि जन्मसाल तर त्याहून स्वस्त. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा ठेवता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडा, पाठही होतो. २०१८मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३मध्ये असं घरी बसून ताडून बघणं चालत नाही, तेव्हा राउटर आणि उपकरणं झेपवत असतील तर तोच निवडा. जुनी यंत्रं अडली तर डब्ल्यूपीए२, एईएस या कूटपद्धतीसह. त्याच्या खालचं काही नको, विशेषतः डब्ल्यूईपी हा सगळ्यात जुना प्रकार. ते २००१मध्येच फुटलंय.

साफसफाई करताना क्रम पाळा

बाहेरचा शिरकाव पक्का झाला किंवा ॲडमिन पानात न केलेले बदल सापडले, तर थेट कारखान्याच्या अवस्थेत रीसेट. नुसतं बंद-चालू करणं पुरत नाही. २०१८मध्ये व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने किमान पाच लाख राउटर आणि साठवणीची यंत्रं गाठली होती. राउटर बंद-चालू केल्यावर त्याचे वरचे थर जात, पण मुळाचा भाग टिकून राहत असे.

रीसेट करण्याआधी इंटरनेट जोडणीचे तपशील, म्हणजे पीपीपीओईचं (नेट कंपनीकडे लॉगिन व्हायचं) नाव-पासवर्ड आणि असल्यास कंपनीने दिलेला व्हीलॅनचा आकडा, लिहून घ्या. नाहीतर रात्रभर हेल्पलाइनचं संगीत ऐकत बसावं लागतं. मग बाहेरून येणारी केबल काढा, रीसेट करा आणि लॅपटॉप केबलने जोडून आत जा. पहिलं काम ॲडमिनचा नवा पासवर्ड. त्यामागोमाग डब्ल्यूपीएस, बाहेरून नियंत्रण करण्याची सोय आणि गरज नसेल तर यूपीएनपी (उपकरणांना स्वतःहून बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद. नंतरच बाहेरची केबल लावा, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि अगदी शेवटी वाय-फायचा पासवर्ड ठेवा. जुन्या सेटिंगची बॅकअप फाइल परत चढवू नका. त्यात दुखणंही परत येतं.

फर्मवेअर बदलल्यावर डब्ल्यूपीएस आणि डीएनएस पुन्हा एकदा तपासा. नेट पुरवणाऱ्या कंपनीने दिलेल्या राउटरांवर सेटिंग बाहेरून बदलण्याची तिची सोय असते आणि अपडेटनंतर बंद केलेली गोष्ट चालू झालेली आढळते.

मॅक फिल्टर (ठरावीक मॅक ॲड्रेसनाच आत घेणं) आणि वाय-फायचं नाव लपवणं या दोन उपायांच्या नादी लागू नका. हवेतला मॅक ॲड्रेस कुणालाही ऐकू येतो आणि नक्कल करायला मिनिट पुरतं. लपवलेलं नाव तर तुमचाच फोन जोडताना उच्चारतो. यातून त्रास होतो तो बदलत्या पत्त्यांचे फोन बाळगणाऱ्या घरच्यांनाच.

हे सगळं करूनही, एकच फोन जोडलेला असताना दुसरं उपकरण उगवलं, तर त्या फोनात किंवा लॅपटॉपमध्ये दूरून ताबा घेणारं काही ॲप आहे का ते बघा, कारण नवा पासवर्ड तिथूनही बाहेर जातो. तेही नसेल आणि राउटरला नवी फर्मवेअर येणंच थांबलेलं असेल, तर राउटर बदलावा. जुना मात्र एक्स्टेंडर म्हणून मागच्या खोलीत लावू नका.